सभेत आवाज करू नये

कॉर्बिन्स लँडिंग
१७ सप्टेंबर २०१७

प्रिय वर्नेटा,

तुझ्या आत्याचे आशीर्वाद. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसती ‘हो हो’ करतेस आणि मागे तुझ्या भांड्यांचा खणखणाट चालू असतो. त्यात तुमची मालवाहू बोट सरोवराच्या मध्यात गेली की तोही बंद. पत्र निदान तुला बसून वाचावं लागतं.

आधी तुझ्या लेकीची खबर. जोनेलची चौथी सुरू झाली. उंची वाढली आहे, गेल्या वर्षीच्या पँटी घोट्याच्या वर आल्यात. मागच्या आठवड्यात जरा खोकला झाला होता, आता ठणठणीत आहे. काल माझ्या ताटातली मॅकरोनीसुद्धा तिनेच संपवली आणि वर मलाच म्हणाली, ‘आत्या, तू कमी जेवतेस हं.’

आता माझी खबर. तुझ्या आत्याने या वयात एक उचापत अंगावर घेतली आहे. या वर्षी राज्याकडून गावातल्या शाळांसाठी जादा पैसे आलेत. शिक्षण मंडळ म्हणतं, सगळ्या शाळांना सारखे वाटू. मंडळाचा अध्यक्ष हॅलोरन पेपरात म्हणाला, ‘याहून मोठा न्याय कोणता?’ मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, पोरी. सकाळी आपल्या खालच्या बॉटम्स वस्तीची फेरी आणि मग टेकडीवरच्या नॉर्थ रिजची. दोन्ही शाळांच्या दारात रोज उभी राहिलेली बाई आहे मी, मला न्याय शिकवू नये. वरच्या शाळेत आईबाप दर वर्षी लिलावाची मेजवानी करतात आणि त्यातून नर्सचा, ग्रंथपालाचा, चित्रकलेच्या बाईचा पगार काढतात. आपल्या गार्नेट शाळेत नर्स येते मंगळवारी आणि गुरुवारी. बाकीच्या दिवशी पोरांनी आजारी पडायचं नाही. जेवून ढेकर दिलेल्याला एक पाव, उपाशी माणसालाही एकच पाव, आणि वाढणारा म्हणतो, बघा, मी कसा कुणाला कमी-जास्त केलं नाही!

बॉटम्समध्ये काळे राहतात आणि रिजवर गोरे, असं मंडळाच्या कोणत्याच कागदात लिहिलेलं नाही. नर्सचं वेळापत्रक वाचलं की मात्र बरोबर कळतं.

तर येत्या २७ तारखेला सभा आहे आणि आम्ही माउंट नेबो चर्चमधून शंभरेक माणसं नेणार आहोत. बोलणार आहे केझाया टेट. तू तिला शेंबडी पाहिली असशील, आता तीन पोरांची आई आहे आणि जीभ कात्रीसारखी चालते.

तुझी,
ओझेला आत्या

*

बोट ‘एल्डन प्राइस’वरून
२६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र डेट्रॉइटला टपालाच्या होडीतून बादलीने वर आलं. रस्सा ढवळता ढवळता वाचलं, त्यामुळे तुझ्या पहिल्या पानावर रश्शाचा डाग पडला आहे, तुला दिसत नाही एवढंच.

उचापत नवीन आहे असं म्हणू नकोस. मी सातवीत असताना बसथांब्यावर दिवा लावून घेण्यासाठी तू महापौराच्या घरासमोर बस उभी केली होतीस. दिवा लागला, पण तुझा आठवड्याचा पगार गेला आणि आपण आठवडाभर घेवडा खाल्ला. तुझा स्वभाव बदलावा असं मी म्हणत नाही. पण आत्या, गार्नेट शाळेसाठी लोक मंडळात जातायत हे मी जन्मापासून ऐकते आहे. माझ्या वेळी छतासाठी गेले होते. छत अजून गळतंय ना?

खोकला किती होता? दम्याचा पंप लागला का? तू ‘जरा’ लिहिलंस की मला झोप येत नाही, कारण तुझ्या ‘जरा’ला माप नाही. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हाही तू मला ‘जरा बरं नाही’ असंच कळवलं होतंस.

आर्डिथचा फोन आला होता. ती म्हणते, जोनेलचा पत्ता तिच्या घरचा दाखवू आणि तिला लिंडनवूडच्या शाळेत घालू. तिथे नर्स तर आहेच, पोहायचा तलावही आहे. माझी मावसबहीण असून तिला एवढं सुचलं, याचंच मला नवल वाटलं. मी विचार करते आहे. तू लगेच नाक मुरडू नकोस.

सभेत जपून. तुझा रक्तदाब आणि हॅलोरन, दोन्ही एका खोलीत बरे नाहीत.

वर्नेटा

*

कॉर्बिन्स लँडिंग
१ ऑक्टोबर

प्रिय वर्नेटा,

सभेचा पार विचका झाला, आणि तो आम्हीच केला. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही म्हणून जास्त जळफळाट होतो आहे.

हॅलोरनने सुरुवातीला नियम वाचले. बोलणाऱ्याला दोन मिनिटं. सभेत आवाज करू नये. केल्यास सभागृह रिकामं करण्यात येईल. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आवाज कोण करणार होतं? आम्ही तर ऐकायला गेलो होतो!

पण आपलं ऐकणं कसं असतं ते तुला माहीत आहे. केझाया उठली. तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि आपल्या चर्चचे डीकन पर्व्हिस मागून म्हणाले, ‘बोल, पोरी!’ दुसऱ्या वाक्याला चार-पाच जण, ‘खरंय, खरंय!’ तिसऱ्याला अख्खं सभागृह, ‘आमेन!’ त्यात सर्वांत मोठा आवाज तुझ्या आत्याचा. बोलणारीला एकटं सोडायचं आणि आपण दगडासारखं बसायचं, हा आपल्याकडे तिचा अपमान असतो. हॅलोरनला वाटलं, दंगा सुरू झाला. त्याने हातोडी आपटली. तर त्या हातोडीलाही डीकन म्हणाले, ‘हं, चालू दे!’

झालं. दोन पोलिस आले आणि आम्हाला मेंढरांसारखं बाहेर काढलं. केझायाचं एक मिनिट बाकी होतं. पेपरवाला पायऱ्यांवर फोटो काढत होता. ज्यांना बोलायला नेलं, त्यांनाच आपल्या आमेनने गप्प केलं.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात बैठक झाली. मी म्हटलं, मी बत्तीस वर्षं या चर्चची अशर आहे. लोकांना जागेवर बसवणं, उठवणं, कुणाला मूर्च्छा आली की पंखा घेऊन पोचणं, हे सगळं आम्ही तोंडातून शब्द न काढता करतो. एक बोट वर, की उभं राहा. तळवा खाली, की बसा. मूठ छातीवर, की जिथे आहात तिथेच थांबा. हेच गावाला शिकवू.

केझाया भडकली. म्हणाली, ‘ओझेला ताई, त्यांचे कान नाजूक म्हणून आम्ही आमचा आवाज गिळायचा?’

मी म्हटलं, ‘गिळू नकोस. दातांत धर.’

‘किती दिवस?’

‘सभा संपेपर्यंत. मतदान ८ नोव्हेंबरला आहे. मला तू खोलीत हवी आहेस, पायऱ्यांवर नको.’

ती रागाने निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. अशी माणसं मला आवडतात.

जोनेल मजेत आहे. आर्डिथच्या गोष्टीवर मी नाक मुरडलेलं नाही, कारण तू बघत नसताना मुरडून काय उपयोग?

ओझेला आत्या

*

‘एल्डन प्राइस’, मार्केट बंदर
१२ ऑक्टोबर

आत्या,

मुख्य आचाऱ्याची बायको त्याला गावचा पेपर पाठवते. आज तो बटाटे सोलायला खाली पसरला होता. त्यात तुझा फोटो होता, शेजारी माझी लेक. खाली लिहिलं होतं, ‘केझाया टेट यांनी जिचा उल्लेख केला ती चौथीतली जोनेल. १३ सप्टेंबरला शाळेत तिचा श्वास कोंडला तेव्हा तिचा पंप नर्सच्या कुलूपबंद कपाटात होता.’

माझ्या मुलीचा श्वास कोंडला हे मला बटाट्याच्या सालींखाली कळावं?

तेराला हे झालं. सतराला तू मला लिहिलंस, जरा खोकला. मॅकरोनी संपवली म्हणून लिहिलंस. आणि जे आईला सांगितलं नाहीस ते सगळ्या गावाला सांगितलंस. तुझ्या मोर्चाला एक आजारी पोर हवी होती, ती घरातच सापडली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी रीत नव्हती, आत्या. हे कधी शिकलीस?

मी इथे बावीस माणसांचं दोन वेळचं रांधते ते तिच्यासाठी. तिला तुझ्यापाशी ठेवलं, कारण जगात दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. नव्हता.

सोबत लिंडनवूड शाळेचा कागद आहे. आर्डिथने तिची सही केली आहे. शाळेत पालक म्हणून तुझं नाव आहे, म्हणून तुझी सही लागते. कर आणि परत पाठव.

वर्नेटा

*

कॉर्बिन्स लँडिंग
२० ऑक्टोबर

वर्नेटा,

कागद सोबत आहे. सही केली आहे.

खरं लिहिलं असतं तर तू पुढच्याच बंदराला उतरली असतीस आणि बोटीवरची जागा गेली असती, म्हणून मी खोकला लिहिलं. ते चुकलं. आई तू आहेस, तुला कळवायचं की नाही हे ठरवणारी मी कोण? केझायाने नाव घेतलं नव्हतं, एवढंच म्हणाली होती की ‘चौथीतली एक मुलगी’. पण पेपरवाल्याने विचारल्यावर तुझ्या लेकीने स्वतःच छाती पुढे काढून सांगितलं, ‘ती मी.’ मला तिला अडवायला हवं होतं. नाही अडवलं.

आता झालं ते सगळं ऐक. बुधवार होता. खेळाच्या तासानंतर तिला दम लागला. पंप कपाटात, कपाटाची किल्ली नर्सजवळ आणि नर्स त्या दिवशी दुसऱ्या शाळेत. शेवटी ऑफिसातल्या बाईने पेचकसाने कपाटाचं दार उचकटलं. मी पोचले तेव्हा तिच्या ओठांचा रंग मला ओळखू येत नव्हता. दवाखान्यात नेलं, संध्याकाळी घरी आणलं. ती झोपली आणि मी तिच्या पलंगाला टेकून जमिनीवर बसून राहिले. मी फार घाबरले होते, वर्नेटा. तुझा बाप गेला तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

त्यानंतर सोमवार, बुधवार, शुक्रवार मी गार्नेट शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते, पर्समध्ये दुसरा पंप. मुख्याध्यापक म्हणाले, ‘असा नियम नाही.’ मी म्हटलं, ‘मग नर्स आणा, मी उठते.’ त्यांनी मला कॉफी आणून दिली. तेव्हा तिची काळजी करू नकोस, निदान शाळा सुटेपर्यंत.

पण त्या खुर्चीवर बसून मला काय दिसतं? एकटी जोनेल नाही. तिसरीतला एक पोरगा आहे, मधमाशी चावली तर त्याचा घसा सुजतो. दोन जुळ्या बहिणींना साखरेचा आजार आहे, त्या स्वतःच एकमेकींचं बोट टोचून रक्त तपासतात. पोरी सहा वर्षांच्या आहेत! जोनेलला आर्डिथ आहे. बाकीच्या तीनशे पोरांसाठी मी आर्डिथ कुठून आणू?

आणि लिंडनवूडचं म्हणशील तर तिथली शाळा माणसं ठेवते, पोरांच्या मागे गाडी घालून ती खरंच कुठे राहतात ते बघायला. जोनेलला रोज सकाळी घर कुठलं हे खोटं सांगावं लागेल. ती सांगेल, हुशार आहे. मला तेच नको आहे. ज्या शाळेचा कर आपण भरतो तिथे तिने खरं नाव, खरा पत्ता सांगून बसावं, एवढंच मी मागते आहे.

तरी सही केली आहे. लेक तुझी. कागद टपालपेटीत टाक नाहीतर फाड, मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त एक मागते. ८ नोव्हेंबरचं मतदान होऊ दे, मग ठरव.

ओझेला

*

‘एल्डन प्राइस’
३० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

कागद माझ्या बर्थच्या गादीखाली आहे. नाताळला मी उतरेन. तोवर गार्नेट शाळेत रोज नर्स असेल तर जोनेल तुझ्यापाशी राहील. नसेल तर जानेवारीत ती आर्डिथकडे जाईल, आणि तेव्हा तू मला तीनशे पोरांचं काही सांगायचं नाहीस. मला एकच आहे.

माझा राग गेलेला नाही. पण तू जमिनीवर बसून राहिलीस ते वाचलं आणि मी कोठीघरात जाऊन पिठाच्या पोत्यावर बसून रडले. मुख्य आचारी आत डोकावला आणि रस्सा त्यानेच ढवळला.

एक सांगते, तुझ्या कामाचं असेल. सुकाणूवर डेल नावाचा माणूस आहे, गोरा, घर नॉर्थ रिजवर, दोन मुलं वरच्या शाळेत. मी त्याला नाश्ता वाढताना विचारलं, ‘तुमच्या शाळेत नर्स किती दिवस असते?’ त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, ‘किती दिवस म्हणजे? शाळा असते तेवढे दिवस.’ मी म्हटलं, आमच्याकडे दोन. त्याने काटा खाली ठेवला. ‘मग बाकीच्या दिवशी काय करता?’

आत्या, मला वाटायचं, त्यांना माहीत आहे आणि त्यांना पर्वा नाही. पर्वा आहे की नाही ते देव जाणे, पण डेलला माहीतच नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना धूरसुद्धा दिसत नाही. तुम्ही हॅलोरनला सांगताय, जरा त्याच्या मागे बसलेल्यांनाही दाखवा.

रक्तदाबाची गोळी घे.

वर्नेटा

*

कॉर्बिन्स लँडिंग
१० नोव्हेंबर

प्रिय वर्नेटा,

बस आणि वाच. रस्सा त्या आचाऱ्याला ढवळू दे.

तुझं पत्र मी केझायाला वाचून दाखवलं, म्हणजे डेलचा भाग, रडण्याचा नाही. तिने ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, ‘ताई, माझं भाषण फाडते.’ तीन आठवडे घोकलेलं भाषण! मी म्हटलं, वेडी आहेस का? म्हणाली, ‘बघाच.’

बुधवारी आम्ही दोनशेच्या वर गेलो. चर्चच्या बारा अशर बायका पांढरे हातमोजे घालून भिंतींपाशी, डावा हात पाठीमागे दुमडून. रिजवरची माणसंही बरीच आली होती, त्यांच्या शाळेचे पैसे कापणार अशी आवई उठली होती ना. ती पुढे, आपण मागे आणि कडेला. हॅलोरनने नियम वाचले. ‘सभेत आवाज करू नये’ हे वाक्य त्याने आमच्याकडे बघत सावकाश वाचलं. आम्ही पुतळ्यासारखे. डीकन पर्व्हिसांनी तर आधीच रुमाल तोंडात धरला होता.

केझायाचं नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली.

म्हणाली, ‘अध्यक्षमहाशय, मला फार बोलायचं नाही. आज बुधवार आहे. ज्यांच्या मुलाच्या शाळेत आज नर्स होती, त्यांनी कृपा करून बसून राहावं.’

मी एक बोट वर केलं. बारा बायकांनी बोट वर केलं. आणि आपली सगळी माणसं उठली. खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज नाही, आम्ही तळघरात त्याचाच सराव केला होता. म्हातारे, तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या आया, कामावरून तसेच आलेले बाप. मी मूठ छातीवर ठेवली. सगळे तसेच थांबले.

पुढच्या रांगा बसलेल्या. आधी त्यांना कळलंच नाही. मग एकेक जण मान वळवून मागे बघायला लागला. बसलेले सगळे गोरे, उभे जवळजवळ सगळे काळे. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. केझाया माइकसमोर गप्प उभी, आणि भिंतीवरचं घड्याळ तिची दोन मिनिटं कापत चाललेलं. माझ्या घशात आमेन असं आलं होतं की आता फुटते की काय असं वाटलं. वर्नेटा, आयुष्यात मी इतकी जड मूठ कधी छातीवर धरलेली नाही.

तेवढ्यात पुढून एक बाई, लाल कोट घातलेली, शेजारणीला म्हणाली, ‘अगं, मला वाटलं, सगळीकडेच असते.’ हळूच म्हणाली, पण त्या शांततेत ते शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं.

केझाया तशीच मंडळाकडे तोंड करून म्हणाली, ‘अध्यक्षमहाशय, सभेत आवाज झाला. सभागृह रिकामं करायचं का?’

हॅलोरनचा हात हातोडीकडे गेला आणि मध्येच राहिला. रिजवरच्याच दोघा-तिघांना हसू फुटलं. आपल्यातलं कुणी हसलं नाही. डीकनांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रुमाल जागेवर होता.

मग मंडळातल्या मिसेस ब्रँट, त्या फार बोलत नाहीत, चष्मा काढून शिक्षणाधिकाऱ्यांना म्हणाल्या, ‘गार्नेट शाळेत नर्स किती दिवस असते?’ ते कागद चाळायला लागले. ‘चाळू नका,’ बाई म्हणाल्या, ‘या उभ्या लोकांना पाठ आहे, तुम्हाला कसं नाही?’ आणि त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती मांडली. आधी प्रत्येक शाळेला रोजची नर्स, मग उरलेले पैसे सारखे न वाटता जिथे गरज जास्त तिथे जास्त. हॅलोरन म्हणाला, ‘हा वरच्या शाळेवर अन्याय होईल.’ त्यावर लाल कोटवाली पुन्हा बोलली, या वेळी मोठ्याने, ‘आमच्याकडे नर्स आहे हो!’ बाईला नियमांचं काही सोयरसुतक नव्हतं.

मतदान झालं. चार विरुद्ध तीन. आपण जिंकलो.

फार फुगू नकोस. हे एका वर्षापुरतं आहे, पुढच्या वसंतात पुन्हा मत. ग्रंथपाल मिळाला नाही. आणि तुझं छत अजून गळतंय. त्या यादीला माझं उरलेलं आयुष्य पुरणार नाही, पण केझायाचं पुरेल, मी तिला तसं सांगूनही टाकलंय. मतदान संपल्यावर मी तळवा खाली केला, सगळे बसले. बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत कुणी हूं केलं नाही. आणि मग, पोरी, मग काय झालं ते विचारू नकोस! समोरच्या बँकेचा पहारेकरी धावत बाहेर आला. केझाया माझ्या गळ्यात पडून ओरडली, ‘ताई, आता सोडू का दातांतून?’ मी म्हटलं, सोड.

नर्स १ डिसेंबरपासून येणार असं म्हणतात. तोवर माझी खुर्ची व्हरांड्यात आहे.

ओझेला आत्या

*

‘एल्डन प्राइस’, डुलुथ
२४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी जेवणघरात मोठ्याने वाचलं. बावीस माणसं. डीकनांच्या रुमालावर सगळे हसले आणि घड्याळाची जागा त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. डेलला विचारलं, लाल कोटवाली तुझी बायको का? नाही. ती त्या दिवशी घरी मालिका बघत होती. पुढच्या खेपेला येईल म्हणतो. बघू.

तुझा मला अभिमान वाटतो, हे एकदा सरळ लिहून ठेवते, कारण समोर आलीस की मी भांडणच करीन.

पण कागद अजून गादीखालीच आहे. मत म्हणजे नर्स नव्हे, आत्या. मंडळाने आपल्याला याआधीही पुष्कळ काही दिलंय, सगळं कागदावर. एखाद्या शुक्रवारी माझ्या लेकीला दम लागू नये अशीच प्रार्थना मी करते. पण लागलाच तर काय होतं ते कळेपर्यंत मी तो फाडणार नाही. आणि या वेळी मला कळव. ‘जरा’ नको.

वर्नेटा

*

कॉर्बिन्स लँडिंग
१६ डिसेंबर

प्रिय आईस,

आत्याने सांगितलंय की या वेळी मी लिहायचं आणि सगळं खरं लिहायचं, ती मध्ये एक शब्द सांगणार नाही. ती समोर बसून हिरव्या पाल्याची भाजी निवडते आहे आणि मध्ये मध्ये माझ्याकडे बघते आहे, पण सांगत नाही.

काल शुक्रवारी मला दम लागला. जरा नाही, बराच. बाहेर थंडी होती आणि आम्ही पकडापकडी खेळत होतो. मी केझाया काकूंच्या डेव्हॉनला पकडलं आणि मग मला बोलता येईना. डेव्हॉनने मला धरून आत नेलं.

आता आपल्या शाळेत नर्स आहेत. त्यांचं नाव मिस लाव्होन. सोमवारी पण असतात, रोज असतात. त्यांनी कपाटाची किल्ली गळ्यात घातलेली आहे. त्यांनी मला पंप दिला आणि पाठीवर हात ठेवून माझ्याबरोबर श्वास मोजले. मधमाशीवाला मुलगा पण तिथे होता, पण तो नुसता पोट दुखतंय म्हणून आला होता आणि ते खोटं होतं.

मग मला बरं वाटलं. खरंच बरं. आत्या आता व्हरांड्यात बसत नाही, मिस लाव्होननी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, ‘बाई, तुम्ही घरी जा, आता मी आहे,’ आणि आत्या तरी दोन दिवस बसली आणि मग गेली.

मिस लाव्होननी मला विचारलं, ‘घरी फोन करू का? कुणी न्यायला येईल का?’ घड्याळात बघितलं तर गणिताची चाचणी अजून बाकी होती. आधी मला हो म्हणावंसं वाटलं.

पण मी म्हटलं, आत्या चर्चमध्ये आहे, ग्रंथपालाच्या सभेसाठी, आणि आई बोटीवर स्वयंपाक करते आहे. दोघींना काम आहे. मी वर्गात जाते.

तुझी,
जोनेल